सहा महिन्यांत

रस्ता ओलांडताना ती मध्येच थांबली. मागून एका गाडीने हॉर्न मारला, खिडकीतून कुणीतरी खेकसलं, तरी ती हलली नाही. समोरच्या इमारतीवर, पहिल्या मजल्याच्या खिडकीपासून खालच्या दुकानाच्या पाटीपर्यंत, तिचाच चेहरा टांगलेला होता. क्लासच्या ओळखपत्रासाठी काढलेला फोटो होता तो. केस मागे ओढलेले, ओठ घट्ट मिटलेले. खाली लाल अक्षरांत लिहिलं होतं: 'सहा महिन्यांत दोन हजार कांजी! तुम्हीही करू शकता!'

ती जिना चढून वर गेली ती धापा टाकतच.

जपानी भाषेचा क्लास चालवणारे सर टेबलामागून उठले. "या, या! पाहिलात का बोर्ड? रंग जरा भडक झालाय, पण लांबून दिसायला हवा ना."

"सहा महिने कुणी सांगितले तुम्हाला?"

"अहो ताई, तुम्ही प्रवेश घेतलात फेब्रुवारीत. परीक्षा झाली जुलैत. बोटं मोजा."

"मी उजळणीच्या बॅचला आले होते. त्याआधी बारा वर्षं घरी शिकत होते. तुमच्याकडे आले तेव्हा माझी शंभरेक अक्षरं उरली होती, सर."

"मग ती शंभर आम्हीच करून घेतली की नाही?" सर मनापासून हसले. "बारा वर्षं असं लिहिलं तर कुत्रंसुद्धा जिना चढणार नाही. जाहिरात आहे ही ताई, इतिहासाचं पुस्तक नाही. रविवारी तुमचा सत्कार ठेवलाय. मिस्टरांनाही घेऊन या."

तिने तोंड उघडलं, पण सरांचा फोन वाजला आणि सरांनी हातानेच तिला 'रविवारी, रविवारी' असं सांगितलं.

ती कवळ्या बनवायची. दातांच्या डॉक्टरांकडून ठसे यायचे, त्यांत प्लास्टर ओतायचं, ते घट्ट होईपर्यंत थांबायचं. त्या थांबण्याच्या वेळात तिने ही भाषा शिकायला घेतली होती. त्यातल्या कांजी म्हणजे चित्रांसारखी गुंतागुंतीची अक्षरं, एकेकाचे दोन-तीन उच्चार, आणि रोजच्या वापरातलीच दोन हजारांवर. सुरुवातीला सगळ्यांनी विचारलं, जपानला जायचंय का? नाही. तिकडे कुणी आहे का? नाही. मग कशाला? या प्रश्नाचं उत्तर तिला कधीच देता आलं नाही, आणि उत्तर नाही म्हटल्यावर लोकांनी तिच्या शिकण्याला 'नाद' असं नाव देऊन टाकलं. तिच्या थोरल्या भावाचा तर एक विनोद ठरलेलाच होता. "लोक कपड्यांना कांजी करतात, आमच्या बहिणीने डोक्याला केलीय." दर भेटीत तो नव्याने हसायचा.

यंदा ती सर्वांत वरच्या पातळीची परीक्षा पास झाली. शेवटची अक्षरंही हातात बसली. निकालाच्या दिवशी तिने नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो वायरीला टेप गुंडाळत बसला होता. "अरे वा," तो म्हणाला. "म्हणजे आता संपलं?" तिने मान हलवली आणि कुकर लावायला गेली.

क्लासमधून ती घरी पोचली तेव्हा फोन सारखा वाजत होता. नातेवाइकांच्या ग्रुपवर संदेशांवर संदेश. 'सहा महिन्यांत! कमाल!' 'वहिनी, तुम्ही तर जीनियस!' ज्या नणंदेने कधी एका अक्षरानं चौकशी केली नव्हती, तिने टाळ्यांची पूर्ण ओळ पाठवली होती. सगळ्यांच्या वर त्या बोर्डाचा फोटो होता. पाठवणारा तिचा नवरा.

तेवढ्यात भावाचा फोन आला.

"अगं, एवढं सोपं होतं तर आधीच क्लास लावायचास ना! इतकी वर्षं उगाच घरी डोकं फोडत बसलीस."

"दादा, तो बोर्ड खोटा आहे."

"छापलाय म्हणजे काहीतरी असेलच की. बरं, पार्टी कधी?"

तिने फोन ठेवला. नवरा कामावरून आला, त्याने बूट काढले, ग्रीसचे हात धुतले, आणि टॉवेल शोधत मागे वळला तर ती टॉवेल हातात धरून उभी होती, पण देत नव्हती.

"तू तो फोटो सगळ्यांना पाठवलास?"

"हो. दुपारी लिफ्टचं काम होतं त्याच गल्लीत. एवढा मोठा फोटो तुझा! मी तर बघतच राहिलो."

"खाली काय लिहिलंय ते वाचलंस?"

"वाचलं असेल."

"सहा महिने लिहिलंय. सहा! मी बारा वर्षं हाताची बोटं झिजवली, ती वर्षं गेली कुठे? तू याच घरात होतास ना? का दुसरीकडे राहायला होतास?"

"अगं, तुझा चेहरा होता म्हणून पाठवला. अक्षरांकडे कोण बघतं?"

"तेच तर," ती म्हणाली. "अक्षरांकडे कोण बघतं." टॉवेल त्याच्या खांद्यावर टाकून ती आत गेली. त्यानंतर रविवारपर्यंत दोघांमध्ये जेवायला वाढण्यापुरतंच बोलणं झालं. सत्काराला जाणार नाही असं ती आधी म्हणाली, मग स्वतःच साडीला इस्त्री करायला घेतली. तिने एक वाक्य तयार केलं होतं. माइक हातात आला की ते म्हणायचं, आणि खाली उतरायचं.

हॉल भरला होता. नवी मुलं, त्यांचे आईबाप, पुढे खुर्च्यांवर दोन पाहुणे. सरांनी तिला स्टेजवर बोलावलं. तिने माइककडे हात नेला, तर त्या हातात पुष्पगुच्छ आला. दुसऱ्या हातात काचेची फ्रेम आली, आणि फ्रेम इतकी जड होती की तिला ती पोटाशी धरावी लागली.

"ताई जरा लाजाळू आहेत," सर माइकमध्ये म्हणाले. "त्यांच्या वतीने मीच सांगतो. घर, काम, संसार सांभाळून, केवळ सहा महिन्यांत..."

"एक मिनिट."

आवाज मागून आला होता. तिचा नवरा उभा राहिला होता. लग्नकार्यात आहेराची पाकिटंसुद्धा बायकोच्या हाती देऊन स्वतः कोपऱ्यात उभा राहणारा माणूस तो. त्याने समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती.

"मी हिचा नवरा. ते सहा महिने चूक आहे."

सर हसले. "बसा, बसा. आपण नंतर..."

"आमची मुलगी पहिलीत होती तेव्हा हिने सुरू केलं. मुलगी आता कॉलेजात आहे. माझे वडील आजारी होते, तेव्हा ही हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहायची. मी चिडायचो, म्हणायचो, आता तरी ठेव ते. ही ठेवायची नाही. दोनदा नापास झाली. दुसऱ्या वेळी आठवडाभर आमच्यापैकी कुणाशी बोलली नाही. हे सगळं तुमच्या सहा महिन्यांत कुठं बसतं, ते मला सांगा."

"वा! काकांचं प्रेम!" सरांनी टाळ्या सुरू केल्या. चार-दोन लोकांनी साथ दिली.

"प्रेम नाही," तो म्हणाला. "मी तक्रार करतोय. बोर्ड काढा."

टाळ्या थांबल्या. पुढच्या रांगेतली एक आई हळूच म्हणाली, "मग सर, खरं किती वर्षं लागतात?" सरांनी पाण्याची बाटली उघडली आणि बराच वेळ पाणी पीत राहिले. स्टेजवर तिचे हात भरलेलेच होते. तयार केलेलं वाक्य तिला आठवत होतं, पण म्हणायला काही उरलं नव्हतं. तिने फ्रेम टेबलावर ठेवली, वर पुष्पगुच्छ ठेवला आणि पायऱ्या उतरून त्याच्या शेजारच्या खुर्चीपाशी गेली. "चल," ती म्हणाली.

बसस्टॉपवर दोघं बाकावर बसले. त्याचे कान अजून लाल होते.

"हॉस्पिटलचं तुझ्या लक्षात होतं?" तिने विचारलं.

"फार राग यायचा मला तुझा."

"ठाऊक आहे."

त्याने फोन काढला, तो बोर्डाचा फोटो पाठवलेला ग्रुप उघडला आणि एका बोटाने हळूहळू टाइप करू लागला. 'सहा महिने चुकीचं आहे. बारा वर्षं.' मग थांबला.

"हे त्यांच्या अक्षरांत कसं लिहितात? बारा वर्षं?"

"तीन अक्षरं. अगदी सोपी. पहिल्या महिन्यात शिकवतात."

"एवढीच?"

"एवढीच."

"मग मी लिहितो. मला दाखव."

त्याने स्क्रीनवर बोटाने लिहायची पाटी उघडली. तिने आपल्या तळहातावर काढून दाखवलं आणि त्याने उतरवलं. एक अधिकची खूण म्हणजे दहा. दोन आडव्या रेघा म्हणजे दोन. तिसऱ्यापाशी, 'वर्षं'च्या अक्षरापाशी, तो अडखळला. तळहाताकडे नीट पाहून त्याने मधली लांब उभी रेघ आधी ओढायला घेतली, तेव्हा तिने त्याचं मनगट धरलं.

"ती नाही," ती म्हणाली. "ती सगळ्यात शेवटी."