भिंतीला लागलेला रंग

अर्ज गेला तेव्हा कुठे झीफाच्या जिवात जीव आला. शिक्षण कधीच संपलं होतं, पण ही पास झाली हे सरकारला कळवायला युनिव्हर्सिटीने इतका घोळ घातला, की विद्यार्थी व्हिसाची मुदत अगदी नाकाशी आली. त्याआधी अर्ज गेला नसता तर नोकरीची परवानगी खड्ड्यात आणि चंबूगबाळं आवरून इंग्लंडहून थेट घाना. आता फक्त निकाल यायचा होता. तोवर देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही. टाकलं की अर्ज बाद.

घानात, केटाला घरी हे सगळ्यांना तोंडपाठ होतं. आणि तिथेच झीफाच्या मनात पाल चुकचुकली.

थोरला भाऊ एडेम एरवी फोन केला की आधी बूट मागायचा. हल्ली पहिलं वाक्य, "व्हिसा आला का गं?" इंग्लंड-अमेरिका एकच समजणारी मावशीसुद्धा विचारी, "आला का बाई तुझा तो कागद?" आणि बाबा? कधी झोपलेले, कधी चर्चमध्ये, कधी मासळीबाजारात. मासळीच्या वासाने ज्यांचं डोकं उठतं ते बाबा मासळीबाजारात! अरे, खोटं बोलायचं तर निदान धड तरी बोला.

"सेनाम, हे लोक माझ्यापासून काहीतरी लपवताहेत," ती खोलीतल्या मैत्रिणीला म्हणाली.

"तुला ना, बसल्या बसल्या भुतं दिसतात. गप जेव." सेनाम भांड्यातली कसाव्याची गारी ढवळत राहिली, वर बघेचना. झीफाला तिचाही संशय आला.

रविवारी एडेमचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्यामागची भिंत पांढरीशुभ्र दिसत होती.

"दादा, घराला रंग दिलास?"

"अं? हो, नाताळसाठी."

"मे महिन्यात?"

"स्वस्तात मिळाला गं," म्हणत त्याने फोन छताकडे फिरवला.

बाबा म्हणायचे, "मी जिवंत असेपर्यंत रंगावर एक सेडी खर्च होणार नाही. मयताला माणसं जमतील, तेव्हा लावा काय लावायचा तो." केटात तसंच चालतं. गेलेलं माणूस शवागारात ठेवायचं, घर रंगवून घ्यायचं, परदेशातली पोरं पोचली की मग मूठमाती. विचारायची हिंमतच झाली नाही झीफाची.

"छान दिसतंय," एवढंच म्हणाली.

गुरुवारी मेल आला. व्हिसा मंजूर. सेनामने किंचाळून मिठी मारली आणि तशीच हमसून रडायला लागली. "घरी सांग, झीफा. आत्ताच्या आत्ता सांग."

म्हणजे हिलाही माहीत होतं तर.

पहिल्याच रिंगला एडेमने फोन उचलला. मागे कुणीतरी खुर्च्या उतरवत होतं. "आला का गं?" त्याने घाईघाईने विचारलं.

'हो' म्हटलं की तो सांगणार.

"नाही रे दादा, अजून नाही आला," झीफा म्हणाली. "बाबा कुठेत?"

"झोपलेत."

"झोपू दे," ती म्हणाली. "उठवू नकोस त्यांना."