जवळजवळ रोज

महाळुंगे पडवळच्या स्नेहल थोरातला फॉर्म भरायचा सराव भरपूर होता. शिष्यवृत्तीचा, बसच्या पासचा, कुठल्याशा ट्रस्टकडून मिळणाऱ्या वह्यांचा. घरात तिच्याआधी कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं, त्यामुळे सातवीपासून हे काम तिच्याकडेच होतं. वडील कुंडलिक, म्हणजे तिचे आबा, दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होते. हंगामात पारगावच्या कारखान्यावर ऊस ओढायचे. आई मंगल रोजानं कांद्या-बटाट्याच्या कामाला जायची. दोघांना सही तेवढी येत होती.

या सगळ्या फॉर्मांनी स्नेहलला एक गोष्ट पक्की शिकवली होती. आपल्याकडे जे कमी आहे ते लिहिताना हात आखडायचा नाही. सातवीत असताना सायकलच्या फॉर्मवर ‘घरात वीज आहे का’ यापुढे तिनं मोठ्या अभिमानानं ‘होय’ लिहिलं होतं, आणि सायकल दुसऱ्याच मुलीला मिळाली होती.

म्हणून ऑगस्टमध्ये अकरावी सायन्सच्या वर्गात एक मॅडम कागद वाटून गेल्या, तेव्हा स्नेहलनं वरचं नाव तेवढं वाचलं. ‘विद्यार्थी साहाय्य कक्ष’. साहाय्य म्हटल्यावर आणखी काय वाचायचं? खाली नऊ प्रश्न होते. गेल्या दोन आठवड्यांत झोप कमी किंवा जास्त झाली का, भूक मंदावली का, थकवा येतो का, कशातच मन रमेनासं झालं का, आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. पुढे चार रकाने. कधीच नाही, काही दिवस, बरेच दिवस, जवळजवळ रोज. स्नेहलनं शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत खुणा केल्या. नवव्या प्रश्नाशी मात्र पेन अडलं. ‘आपण जगू नये असं वाटतं का?’ पण आठ ठिकाणी ‘रोज’ आणि एकाच ठिकाणी ‘कधीच नाही’ दिसलं, तर तपासणाऱ्याला संशय यायचा. तिनं तिथंही खूण करून टाकली.

दुसऱ्या दिवशी फिजिक्सचा तास चालू असताना शिपाई भागूमामा चिठ्ठी घेऊन आले. ‘स्नेहल कुंडलिक थोरात, लगेच भेटावे. समुपदेशक.’ हा शब्द तिला नवाच होता. त्यातला ‘उपदेश’ तेवढा कळला.

शेजारी बसलेली संस्कृती कुजबुजली, “तुझं मंजूर झालं असणार. कागद ने सगळे.”

कागद स्नेहलच्या पिशवीत कायमच असायचे. जिन्याशेजारच्या लहान खोलीत ती शिरली आणि बसण्याआधीच तिनं प्लॅस्टिकची फाइल टेबलावर ठेवली.

“मॅडम, उत्पन्नाचा दाखला यंदाचाच आहे. झेरॉक्स दोन-दोन आणल्यात.”

समोर चेतना मॅडम होत्या. बाजारपेठेतल्या शांतीलालशेठच्या कापडदुकानातल्या सूनबाई म्हणून स्नेहलनं त्यांना लांबून पाहिलं होतं. त्या मानसशास्त्र शिकल्यात आणि कॉलेजात मंगळवारी-शुक्रवारी येतात, हे तिला ठाऊक नव्हतं. आज तर बुधवार होता. मॅडमनी फाइल उघडली नाही. उठून दार लोटून घेतलं.

“स्नेहल, काल तू लिहिलेलं वाचलं. शेवटच्या प्रश्नाला तू ‘रोज’ म्हटलंयस. आज सकाळीही तसंच वाटत होतं का?”

“कसं, मॅडम?”

“जगू नये असं.”

स्नेहलला काही उमजेना. मॅडमचा चेहरा अधिकाऱ्यासारखा नव्हता. कुणी आजारी असलं की माणसं जशी हळू बोलतात, तसं त्या बोलत होत्या.

“नाही, मॅडम. ते तसं लिहावं लागतं ना?”

“कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. पण कमी लिहिलं की नाव मागं जातं.”

मॅडमनी कालचा कागद पुन्हा वाचून काढला. स्नेहल घाबरली. खोटं लिहिलं म्हणून कॉलेजातून काढतील का, आबांना बोलावतील का?

“एकदा साध्या शब्दांत विचारते,” मॅडम म्हणाल्या. “जीव द्यावा असं कधी मनात आलंय?”

“नाही. आईशप्पथ नाही.”

मॅडमनी खुर्चीत पाठ टेकली. मग खणातून तसाच कोरा कागद काढून तिच्यापुढे सरकवला. “यातून काही मिळत नाही, स्नेहल. काही जातही नाही. आता तुझं जे असेल ते भर.”

तिनं पेन उघडलं. आधी झोपेचा प्रश्न. ती अकराला आडवी व्हायची आणि पाणी भरायला साडेचारला उठायची. पण एसटीत उभ्या उभ्या तिला इतकी गाढ झोप लागायची, की दोनदा ती पुढच्या थांब्यावर उतरली होती. मग याला झोप कमी म्हणायचं की जास्त? ती थकव्याकडे वळली. त्यांच्या घरात न थकलेलं कोण होतं? तिनं खूण केली, तर आईच्या नावानंही करावी लागली असती. भूक? दुपारचा डबा ती बसस्टॉपमागच्या कुत्र्याला घालायची. कधीपासून? जूनपासूनच की.

‘कुचकामी’ या शब्दावर ती थांबली. दहावीला ती गावात पहिली आली होती. चौकात तिच्या फोटोचा फ्लेक्स लागला होता. इथं सर इंग्रजीत शिकवायचे. ती ऐकू येईल तो शब्द देवनागरीत उतरवून घ्यायची आणि घरी वाचताना तिला तिचंच अक्षर परकं वाटायचं. केमिस्ट्रीच्या चाचणीत तीसपैकी सहा पडले होते. घरी तिनं सव्वीस सांगितले. आबांनी त्यावर पेढे आणले होते.

काल न वाचताच केलेल्या खुणांपैकी कितीतरी खऱ्या असाव्यात, असं आता तिला वाटायला लागलं. खोटं म्हणून लिहिलेलं खरं निघालं तर माणसानं काय करायचं? की मॅडमनी विचारलं म्हणून आपल्याला तसं वाटायला लागलंय?

“मला ठरवता येत नाही, मॅडम.”

“कुठला प्रश्न?”

“सगळेच.”

“मग राहू दे. परवा शुक्रवारी ये. कागद घरी घेऊन जा. भरला नाहीस तरी चालेल, पण ये.”

ती निघताना मॅडमनी आपला फोन नंबर लिहून दिला. फाइल तिथंच राहिली, ती भागूमामांनी मागाहून वर्गापर्यंत आणून दिली.

संध्याकाळी मंगल भाकरी थापत होती. स्नेहल चुलीजवळ बसली.

“आई, तुला कधी मन लागत न्हाई असं व्हतं का?”

“कशात?”

“कशातच.”

“मला कुठं लावायला सवड हाय.” मंगलनं भाकरी उलटली आणि तिच्याकडे वळून पाहिलं. “कुणी काय बोललं का कॉलेजात?”

“न्हाई.”

“कुण्या पोरानं तरास दिला?”

“न्हाई गं.”

मंगलनं पिठाच्या हाताची उलटी बाजू तिच्या कपाळाला लावली. “ताप बी न्हाई. मग?”

 स्नेहल चुलीतली लाकडं पुढं सारत राहिली.

“तुझा डबा लई दिस चकचकीत येतोय,” मंगल म्हणाली. “खाणारं माणूस डबा असा घासूनपुसून आणत न्हाई.”

स्नेहलची मान खाली गेली. आता आई रागावेल, अन्नाची नासाडी काढेल, असं तिला वाटलं. मंगलनं आणखी एक भाकरी थापून तव्यावर टाकली. मग तव्याकडे बघत म्हणाली, “तू व्हायच्या आदी मी सा महिने कुणाशी धड बोलले नव्हते. खायचं नाव न्हाई. सासू म्हणायची, सोंग हाय. तुझ्या मामानं माहेरी न्हेलं. तितं शेवगा झोडायला गेले आन्‌ एक दिस आपसूक हसू आलं. ते समदं का आलं व्हतं आन्‌ का गेलं, मला आजून कळलं न्हाई.”

“मला कधी सांगितलं न्हाईस.”

“काय सांगायचं? त्याला नाव तरी काय हाय?”

नाव कागदावरही नव्हतं. तिथं नुसते प्रश्न होते. त्या दिवशी स्नेहलनं आईसमोर दोन भाकरी खाल्ल्या. ती भूक होती की आई बघत होती म्हणून, हे तिला सांगता आलं नसतं.

शुक्रवारी ती गेली. कागदावर तीन खुणा होत्या आणि बाकी जागा कोऱ्या. मॅडमनी कोऱ्या जागांबद्दल विचारलं नाही. “कशापासून सुरू करायचं?” एवढंच म्हणाल्या. स्नेहलच्या तोंडून पहिल्यांदा निघाले ते चाचणीचे सहा मार्क. ते सांगताना तिला रडू येईल असं वाटलं होतं, पण तिला उलट हसूच फुटलं, आणि मग हसता हसता रडू. दोन्हीतलं खरं कुठलं ते मॅडमनाही कळलं नसावं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढं केला.

“केमिस्ट्रीच्या सरांशी मी बोलू का? मराठीत शंका विचारलेल्या त्यांना चालतील.”

“नको, मॅडम. सरांना वाटेल मला काही येत नाही.”

“मग तू म्हणशील तेव्हाच बोलेन.”

ते म्हणायला स्नेहलला तीन आठवडे लागले. सर नुसतं “बरं” म्हणाले आणि त्यांच्या सांगण्यावरून बारावीतली खुशबू नावाची मुलगी दुपारच्या सुट्टीत तिच्याबरोबर बसायला लागली. खुशबूही डबा आणायची, त्यामुळे दोघींचे डबे एकत्र उघडायचे. काही दिवस स्नेहल जेवायची, काही दिवस नुसती चिवडत बसायची.

दिवाळीनंतरच्या चाचणीत तिला अकरा मिळाले. त्या दिवशी आबा पारगावहून लवकर आले होते, अंगणात हातपाय धूत होते. स्नेहल तांब्या घेऊन शेजारी उभी राहिली.

“आबा, मागं सव्वीस न्हवते पडले. सा पडले व्हते. आता अकरा हायेत.”

कुंडलिकनं पायावर पाणी घेतलं. “कितीपैकी?”

“तीस.”

त्यांनी मनाशी काही जुळवून पाहिलं. “म्हंजी हे चांगलं का वाईट?”

“मला बी नीट ठाऊक न्हाई.”

“मग तुला कसं वाटतंय?”

असं आबांनी तिला कधी विचारलं नव्हतं. कुठून सुचलं कोण जाणे. मंगल आतून ऐकत होती. स्नेहलनं तांब्या खाली ठेवला.

“सकाळी बरं वाटलं व्हतं,” ती शेवटी म्हणाली. “आता भ्या वाटतंय.”

कुंडलिकनं मान डोलावली आणि टॉवेल मागितला.  सव्वीसचा राग आलाय की नाही, ते तिला त्यांच्या तोंडावरून वाचता आलं नाही.

चेतना मॅडम दर शुक्रवारी विचारायच्या, कसं चाललंय. स्नेहल कधी ‘बरं’ म्हणायची, कधी ‘माहीत नाही’, आणि मॅडम दोन्ही सारख्याच अक्षरात लिहून घ्यायच्या. शुक्रवार मात्र तिनं चुकवला नाही. डिसेंबरात एकदा सकाळची एसटी आलीच नाही, तर गावातल्या दादाभाऊंच्या दुधाच्या टेम्पोत कॅनच्या मधे उभी राहून ती कॉलेजला आली.