आळणी

"आजही मीठ नाही! हात आखडतो का गं तुझा?" औषधवाल्या म्हातारीनं ताट सरकवलं.

"आत्याबाई, दोनदा घातलंय," सून म्हणाली. वर्षभर हीच कटकट चालली होती. मीठ नाही, तिखट नाही, नुसतं पाणी केलंस.

तेवढ्यात लोहार दारात आला. डोळे पिवळेजर्द, पण तोंड काही बंद नव्हतं.

"काकू, जपून सोडा हं. नाक मोठं आहे, सगळं औषध पिऊन टाकील."

"गप बस मेल्या."

कावीळ झाली की रानातल्या कडू दोडक्याचं पाणी नाकात सोडायचं, हे म्हातारीचं औषध. पण दोडक्याचा काय भरवसा? एकाच वेलावरचा एक बरा, दुसरा जीवघेणा. म्हणून ती आधी स्वतः चाखायची. कडू घशाशी थांबलं तर तीन थेंब, कानशिलापर्यंत चढलं तर एकच. सासूनं शिकवलेलं माप तेवढंच.

आज कडू जेमतेम जिभेच्या टोकाला लागलं. तिला नवल वाटलं. पावसानं दडी मारलेली, आणि अशा वर्षी दोडका विखारी होतो हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? पण चाळीस वर्षांत जीभ कधी चुकली नव्हती. तिनं तीन थेंब सोडले.

आधी नाकातून पिवळं पाणी आलं, मग रक्त, मग उलट्या थांबेनात. दवाखान्यात तिसऱ्या दिवशी लोहार गेला. डॉक्टर म्हणाले, "त्यातलं कडू हेच विष असतं." गाव म्हणालं, कावीळच भारी होती.

म्हातारीनं घरी येऊन उरलेलं पाणी सुनेपुढे धरलं. "जिभेच्या टोकाला लाव नि थुंक."

सुनेनं बोट लावलं मात्र, कानशिलं दाबून मटकन खाली बसली. चुळा भरून भरून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्याबाई, हे तीन थेंब?"

म्हातारीनं ते पाणी मोरीत ओतलं. भाजीत मीठ होतं. रोज होतं.

तेराव्या दिवसानंतर लोहारीण आली. सोबत लेक, तिचेही डोळे पिवळे.

"काकू, हिला तरी वाचवा. त्याचं आयुष्यच तेवढं होतं. तुमच्या हाताला गुण आहे."

"दोडके संपले म्हणा," सून कानाशी कुजबुजली.

तसं म्हटलं असतं तर लोहारीण दुसऱ्या कुणाकडे थेंब मागत फिरली असती. म्हातारीला ते पक्कं माहीत होतं.

"तुझा नवरा काविळीनं नाही गेला गं. मी मारला. माझी जीभ मेलीय, मला कडू कळत नाही. पोरीला दवाखान्यात ने. आत्ताच्या आत्ता."

लोहारीण म्हातारीच्या तोंडावर थुंकली आणि पोरीला ओढत रस्त्याला लागली.

पोरगी वाचली. म्हातारीच्या दारात पुन्हा कुणी आलं नाही. लोहारीण वाटेत भेटली की अजून थुंकते. म्हातारी बाजूला होते, तिच्यामागून चालणाऱ्या पोरीला डोळे भरून बघते, आणि घरी येऊन सून वाढेल ते मुकाट्यानं जेवते.