चहाडखोर कागद

साबणवाली कागदवाल्याच्या दारात पोचली ती भांडायच्याच तयारीने. पिशवीतून एक वडी काढून तिने त्याच्या ओल्या टेबलावर आपटली.

"हा तुमचा कागद! बघा, कसे डाग पडलेत."

डाग होते खरे. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला तो जाड पांढरा कागद जागोजागी पिवळट, ओलसर झाला होता. घरी पन्नास वड्यांची हीच गत. आणि नेमकी आत्ताच! तिचा साबण ठेवणारं दुकान एकच, आणि दुकानाच्या बाईंनी बजावलं होतं, सोमवारपासून प्लॅस्टिकमधला माल फळीवर दिसणार नाही. कागदात द्या, नाहीतर जागा दुसऱ्याला. ती फळी गेली की धंदाच बसला.

कागदवाला मोठा थंड गृहस्थ. हातातली जाळीची चौकट त्याने आधी नीट निथळत ठेवली, हात पुसले, मग कागद सोडवून अंगठ्याने वडी दाबली. अंगठा रुतला.

"ताई, किती दिवस वाळवलात?"

"तीन आठवडे. नेहमीसारखेच."

"तुमचे सासरे माझ्याकडूनच कागद न्यायचे. सहा आठवडे झाल्याशिवाय वडीला कागद लावायचे नाहीत. हे साबणातलं पाणी आहे, ताई. कागदाने फक्त चहाडी केली."

"प्लॅस्टिकमध्ये कधी काही झालं नाही ते!"

"झालं असेल. दिसलं नसेल."

तिने ती वडी उचलून पाहिली. सासरे गेले आणि वर्षाच्या आत प्लॅस्टिक आलं. चकचकीत, स्वस्त, झाकली मूठ सव्वा लाखाची. मग सहा आठवड्यांचे पाच झाले, पाचाचे तीन. साबण फार लवकर विरघळतो म्हणून कोणी कुरकुरलं, की ही खुशाल त्यांच्या घरच्या पाण्याला नावं ठेवायची. नाचता येईना, अंगण वाकडं, दुसरं काय! आता मात्र तिला मनापासून लाज वाटली, कानाच्या पाळ्या तापल्या.

वड्या पुसून, नवा कोरडा कागद गुंडाळला असता तर सोमवार कसाबसा निभावला असता. वाटेत तसं तिच्या मनात आलंही. पण पाय दुकानाशी थांबले, आणि आत शिरून तिने एका दमात सांगून टाकलं, "बाई, माझा साबण कच्चा आहे. सोमवारी देता येणार नाही. फळी ज्याला द्यायची त्याला द्या."

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. "मला ठाऊक आहे. तुमची वडी घरी नेली की मी महिनाभर खिडकीत ठेवते, मगच वापरते. तुमच्या सासऱ्यांनीच शिकवलं होतं, कच्चा साबण कसा ओळखायचा ते."

"मग कधी बोलला का नाहीत?"

"दोनदा बोलले. तुम्ही म्हणालात, माझ्या घरचं पाणी खराब आहे."

साबणवालीला हसावं की रडावं कळेना. बाईंनी फळीवर उरलेल्या प्लॅस्टिकमधल्या चार वड्या तिच्या हातात दिल्या आणि रिकाम्या जागेवर आपलं चष्म्याचं घर ठेवलं.

"जागा धरून ठेवते. पण तीन म्हणजे तीनच आठवडे हं."

साबणवालीने हातातली वडी अंगठ्याने दाबून पाहिली.

"चार धरा," ती म्हणाली.