जाळ्याचा दांडा

शाळेच्या नळाला भूत लागलंय, असं गावानं ठरवून टाकलं होतं. ठरवायला काय जातं! मोटर सुरू झाली की नळ झिणझिण्या द्यायचा, आणि त्याच नळावर भागीरथा रोज पोरांच्या खिचडीचे तांदूळ धुवायची. तिची लेक रंजीता चंद्रपूरच्या आयटीआयमधून वायरमन होऊन आली होती. तिला भुताचं भय नव्हतं. भय होतं ते आईच्या ओल्या हातांचं.

तिनं वीज बंद केली, गळका करंट जमिनीत उतरवणारी अर्थिंगची तार सोडवली, लांबवर दोन खुंट ठोकून मीटर लावला. आकडा असा चढला, की मीटरच येडावला असं तिला वाटलं. खुंटांपाशी पाणी ओतून पुन्हा मोजलं. तोच आकडा. जमीन करंट घ्यायलाच तयार नव्हती.

बाप मनसाराम तलावावरून येऊन बघत उभा होता. या अर्थिंगचा खड्डा कधीकाळी त्यानंच मजुरीनं खणला होता.

"खोदून पाहू का, बाबा?"

"काऊन? तुही मशीनच खराब असन," म्हणत तो तंबाखू मळू लागला.

रंजीता ऐकते थोडीच! तिनं खोदलं. कमरेइतक्या खोलीवर पाइप संपलाच. टोक करवतीनं कापलेलं. अर्थिंगच्या पाइपाला खालच्या अंगाला भोकं असतात; याला एकही नव्हतं. आणि तिचा हात थांबला. घरी ओसरीत बापाचं जाळं ज्या लोखंडी दांड्यावर वाळायचं, त्याला भोकं होती. शाळेतून आली की त्याच भोकांत ती केसांच्या लाल फिती ओवून ठेवायची.

वर बघायचं तिला धाडस होईना. तलावात दुसऱ्याचं जाळं सापडलं तरी घरी नेऊन देणारा हा माणूस. म्हणून तर जास्त लागलं.

"खाली खडक लागला होता," मनसाराम हळूच म्हणाला. "ठेकेदार म्हणे, काप अन् उरला तो घरी ने. मले वाटलं, लोखंड हाय, कामी येईन. त्याचं काम काय असते, हे मले कोनी सांगतलंच नाई."

"आई रोज त्या नळाले हात लावते, बाबा."

तो पाठ फिरवून निघाला. रंजीताला वाटलं, गेला रागावून.

थोड्या वेळानं तो भर रस्त्यानं खांद्यावर दांडा घेऊन येताना दिसला. तलावामागची आडवाट होती, तरी तो तिकडून आला नाही.

"मनसारामभाऊ, जाळं सोडून दांडा कुठी नेता?" पारावर बसलेल्या इसरूनं हटकलं.

"शाळेचा हाय. शाळेले परत देऊन राह्यलो." पाराला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं तो म्हणाला.

शाळेच्या आवारात तलावाच्या अंगाला ओल होती. तिथं त्यानं एकट्यानं खड्डा खणला, कुणाला हात लावू दिला नाही. रंजीतानं दोन्ही पाइप लोखंडी पट्टीनं जोडले, जिच्यातून करंट नळात उतरायचा ती मोटरीची सोलवटलेली वायर बदलली आणि पुन्हा मोजलं. आकडा उतरला, चांगला बेतात आला. मोटर चालू करून तिनं नळाला टेस्टर लावला. दिवा लागला नाही.

भागीरथा तांदळाचं पातेलं घेऊन आली.

"थांब," मनसाराम म्हणाला, आणि मातीनं बरबटलेला ओला हात आधी त्यानं नळावर ठेवला.

"बाबा, मोजलं ना मी!" रंजीताला भडभडून आलं.

"माईत हाय," तो म्हणाला. पण भागीरथाचे तांदूळ धुऊन होईपर्यंत त्यानं हात काढला नाही.