शेळ्यांच्या छपरावरची नटी

हसू नका, पण तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी मला पाहिलेलं आहे. कुणी जेवताना, कुणी एसटीत, आणि काहींनी तर वर्गात बाकाखाली मोबाइल धरून. मी तोच पत्रा. जळगावात, मेहरूणला, शेळ्यांच्या छपरावर सापडलेला, ज्याच्यावर त्या नटीचं भलंमोठं तोंड आहे. तुम्ही मला लाइक केलंत, पुढे पाठवलंत, माझ्यावरून एकमेकांची आईबहीण काढलीत. आता थोडा वेळ माझंही ऐका, कारण माझ्याबद्दल तुम्ही जे वाचलंत त्यातलं जवळजवळ सगळं खोटं आहे.

कारखान्यातला माझा जन्म सांगण्यासारखा नाही. आठ बाय चारचा सपाट, कोरा पत्रा, बस्स. मला तोंड आलं ते नासीर पेंटरच्या हातून. चाळीस वर्षांपूर्वी हा नासीर जळगावातल्या एका टॉकीजच्या मागच्या पडवीत सिनेमाचे बोर्ड रंगवायचा. टॉकीजवाल्यांकडून पोस्टकार्डाएवढा फोटो यायचा. त्यावर पेन्सिलीने चौकटी आखायच्या, तेवढ्याच चौकटी पत्र्यावर खडूने मोठ्या आखायच्या आणि एकेक घर उतरवत जायचं. पुढचा सिनेमा लागला की जुन्या चेहऱ्यांवर पांढरा हात फिरवायचा आणि त्याच पत्र्यावर नवे चेहरे. पत्र्याच्या नशिबी एक तोंड फार तर महिनाभर असायचं.

त्या खेपेला बोर्ड धुळ्याचा होता. चार पत्रे जोडून एक बोर्ड, त्यात माझ्या वाट्याला नटी आली होती. हिरो शेजारच्या पत्र्यावर होता, पण त्याचा एक कान आणि मिशीचं टोक माझ्या हद्दीत आलं होतं. नटी नवीन. तिचा फोटो एकच आला होता, आणि त्या एकुलत्या एक फोटोवर नासीरच्या हातून चहा सांडला. सगळं तोंड वाहून गेलं, हनुवटी तेवढी राहिली. दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्ड न्यायला ट्रक येणार होता.

नासीरचं लग्न होऊन तेव्हा सहा महिने झाले होते. त्याने माझ्यावर चौकटी आखल्या, हनुवटी फोटोतली काढली आणि वरचं सगळं, म्हणजे ओठ, नाक, डोळे, कपाळ, जे पाठ होतं ते काढलं. सबीहाचं. म्हणजे त्याच्या बायकोचं.

तुम्ही म्हणाल, मग बिघडलं कुठे? बिघडलं असं की सबीहाच्या वडिलांनी मुलगी देताना एकच अट घातली होती. सिनेमाचं काम करा, पोट त्यावर आहे, पण माझ्या पोरीला त्या बाजारापासून लांब ठेवा. नासीरने छातीवर हात ठेवून हो म्हटलं होतं. आणि सहा महिन्यांत त्याने तिला पाच फुटांची करून धुळ्याच्या भर चौकात टांगली. धुळ्यात तिला कोण ओळखतंय, असं त्याने स्वतःला समजावलं.

सिनेमा आठवड्यात पडला. बोर्ड मात्र चार आठवडे उतरला नाही, कारण नासीर आज येतो, उद्या येतो करत राहिला. धुळ्याच्या टॉकीजचा मॅनेजर भाईदास कपाळाला हात लावून म्हणाला, "नासीरभाऊ, लोके बोर्ड देखतस नि घर निंघी जातस. तिकीट कोनी काढत नही." मला तर बाई इतका अभिमान वाटला की मी वाऱ्यावर मुद्दाम जरा जास्तच वाजलो.

मी परत आलो. नासीरने पांढऱ्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला, माझ्यासमोर बराच वेळ उभा राहिला आणि ब्रश डब्यात टाकून दिला. मालकाला म्हणाला, "हा पत्रा गंजलाय, मी घरी नेतो." मला गंज? मी तेव्हा जेमतेम दोन महिन्यांचा होतो. पण चूप बसलो.

नासीरच्या अम्मीला घरात चेहऱ्याचं चित्र चालत नसे. म्हणून मी गेलो मागच्या अंगणात, शेळ्यांच्या छपरावर, तोंड आभाळाकडे करून. वर ताडपत्री, ताडपत्रीवर जुने टायर. खाली सबीहा रोज सकाळ-संध्याकाळ दूध काढायला बसायची आणि वर मी तिचंच तोंड घेऊन पडलेलो. आमच्या दोघींत, चुकलो, आमच्या दोघांत एका पत्र्याचं अंतर, आणि तो पत्राही मीच.

आता गंमत ऐका. माझ्यात हिरोच्या कानाच्या ठिकाणी एक खिळ्याचं भोक होतं. ताडपत्रीखालून झिरपलेलं पाणी तिथून गळायचं, नेमकं सबीहाच्या लाडक्या राणी शेळीच्या पाठीवर. म्हणून दर वर्षी मे महिन्यात नासीर "गळती काढतो" म्हणून शिडी लावून वर यायचा. ताडपत्री बाजूला करायचा, खिशातून बारीक ब्रश काढायचा आणि दिवसभर माझ्याजवळ बसायचा. भोकाकडे त्याने एकदाही ढुंकून पाहिलं नाही. तो सबीहाला चालू वर्षात आणायचा. तिच्या डोळ्यांच्या कडेला सुरकुती पडली, त्याने ती काढली. कानावर पहिला पांढरा केस आला, काढला. चष्मा लागला, काढला. मग वार्निशचा हात, ताडपत्री, टायर, आणि खाली येऊन म्हणायचा, "झालं बघ काम."

जूनमध्ये राणी पुन्हा भिजायची. राणीची मुलगी भिजली, नात भिजली; प्रत्येकीचं नाव राणीच. सबीहा म्हणायची, "काय माणूस आहे. चाळीस वर्षं एक भोक बुजवतोय." घरात ही मंडळी आपल्या दखनी वळणाचं बोलतात, पण मी खान्देशात वाढलेला पत्रा, मला मराठीतच सांगता येतं.

तिची दुसरी तक्रार जास्त जुनी होती. लग्नाच्या वर्षीच तिने लाजत विचारलं होतं, "साऱ्या दुनियेच्या बायकांची तोंडं रंगवता. माझं एक काढाल का?" नासीर म्हणाला होता, "तू एका जागी बसतेस कुठे?" ते तिला लागलं. पुढे फ्लेक्स आले, बोर्ड बंद झाले, नासीर दुकानांच्या शटरवर नावं लिहू लागला, नात खुशनुमा कॉलेजात गेली, तरी ते लागलेलं गेलं नाही. वर्षातून दोनदा तरी ती म्हणायचीच, "शटर रंगवून झाले का? मग माझं राहूच द्या." आणि मी वर तडफडायचो. पत्र्याला ओरडता येत नाही हो. ऊन तापल्यावर कडकड वाजता येतं, ते वाजलो, तर तिला वाटलं मांजर आहे.

मग या वर्षी आली दिपमाला.

दिपमाला लग्नांचे व्हिडिओ काढते आणि इंटरनेटवर 'घबाड' नावाचं पान चालवते. खान्देशात फिरताना कुठे काय सापडेल ते त्यावर टाकायचं, एवढाच उद्योग. शिंदखेड्याच्या एका बँडवाल्याचा कोट, ज्याच्या पाठीवर बँडऐवजी शिंप्याचंच नाव मोठं भरतकाम केलेलं. साक्रीकडची एक कॅसेट, एका बाजूला अहिराणी लग्नगीतं आणि दुसऱ्या बाजूला चुकून कुणाच्या तरी ओटीवरचं तासभराचं घोरणं. अशा वस्तूंवर लोक वेडे होतात, का ते मला विचारू नका.

मे महिन्यात ती मेहरूण तलावावर नवरानवरीचं ड्रोनने शूटिंग करत होती. वाऱ्याने ड्रोन भरकटला आणि आमच्या अंगणावर आला. नासीरने त्याच दिवशी वार्निश मारलं होतं आणि ते वाळेपर्यंत ताडपत्री काढून तो नमाजला गेला होता. ड्रोनने खाली पाहिलं. मी वर पाहिलं. झालं.

"या आठवड्याचं घबाड : शेळ्यांच्या छपरावर नटी. ओळखा पाहू." एवढंच तिने लिहिलं; उंचावरच्या फोटोत चष्मा, सुरकुत्या कुणाला दिसल्याच नाहीत, आणि दुनिया लागली ओळखायला. कुणी म्हणालं, दक्षिणेकडची आहे. कुणी म्हणालं, एकच सिनेमा करून साध्वी झाली. धुळ्याचे निवृत्त मास्तर रतिलाल यांनी चार परिच्छेद लिहून शपथेवर सांगितलं की हा सिनेमा आपण तीनदा पाहिला असून नटी शेवटी विहिरीत पडते. कुणी हिरोच्या कानावर संशोधन केलं. कॉम्प्युटरने कुणीतरी मला डोळा मारायला लावला. चाळीस वर्षं आभाळाखाली राहून मी कधी कुणाला डोळा मारला नव्हता. आणि भूपेंद्र नावाच्या एका डीजेने 'पत्रावाली गं पत्रावाली' असं गाणं बनवलं, ते हळदीत, वरातीत, रसवंतीवर, जिथे-तिथे वाजू लागलं.

आमच्या घरातही वाजलं. सबीहा भांडी घासताना ते गुणगुणायची आणि मी वर खूश होऊन तापायचो.

पण त्यानंतर दोनच दिवसांत कुणीतरी छप्पर शोधून काढलं आणि अंगणात माणसं आली. खुशनुमाने मोबाइलवर फोटो दाखवला, लांबून काढलेला, इवलासा, फुटक्या काचेवर. सबीहाने डोळे बारीक केले. "हे आपलं छप्पर?" मग तिने हिशेब जुळवला. गळती, शिडी, दरवर्षीचा तो एक दिवस. गाणं तिथेच थांबलं.

"म्हणजे चाळीस वर्षं तुम्ही हिला रंगवायला वर जात होतात?"

नासीर चष्मा पुसत बसला.

"कोण आहे ही?"

"आहे एक," नासीर म्हणाला.

अरे माणसा! मी वर जिवाचा आटापिटा करत होतो. सांग ना. पण त्याला सासऱ्यांना दिलेला शब्द आठवत होता आणि धुळ्याचा चौक. बायको रागावेल ती रागावेल, पण मेलेल्या बापाला दिलेला शब्द मोडला म्हणून रडेल, याची त्याला भीती होती.

सबीहा भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. तिने चहा दिला, जेवण वाढलं आणि नासीरशी बोलणं बंद केलं. मी पत्रा असलो तरी ती तीन आठवड्यांची शांतता मला सोसवली नाही. खाली दूध काढताना ती राणीला म्हणाली, "माझं एक काढायला हात दुखत होते. तिचं बरं दरवर्षी." आणि ओढणीने डोळे पुसले. हे फक्त राणीने आणि मी ऐकलं.

तेवढ्यात दिपमाला निरोप घेऊन आली. पुण्यात जुने बोर्ड जमवणारे एक गृहस्थ होते. त्यांना मी हवा होतो, आणि बदल्यात शेळ्यांना नवं, न गळणारं छप्पर घालून मिळणार होतं. नासीरने तोंड उघडायच्या आत सबीहा म्हणाली, "घेऊन जा. रविवारीच न्या."

रविवारी टेम्पो आला. निम्मी गल्ली जमली. भाईदासही धुळ्याहून मुद्दाम आला, काठी टेकत, आणि येताच नासीरला म्हणाला, "आतेतरी सांग, हाई कोन शे? बठ्ठं गाव इचारी ऱ्हायनं." नासीर शिडी धरायला वळला. टेम्पोवाल्या दोघांनी माझे खिळे काढले, मला खाली उतरवलं आणि भिंतीला टेकवून उभं केलं.

चाळीस वर्षांनी मी उभा राहिलो आणि समोर सबीहा.

ती पाठ फिरवून जाणार होती. पण खुशनुमा पुढे आली, माझ्या जवळ वाकली आणि म्हणाली, "दादी, हिच्या चष्म्याला दोरा आहे."

सबीहाच्या चष्म्याची उजवी काडी दोन वर्षांपूर्वी निघाली होती. ती तिने काळ्या दोऱ्याने बांधली होती, तीन वेढे आणि वर गाठ. माझ्यावरही तीन वेढे होते आणि वर गाठ होती.

सबीहाने चष्मा काढला, ओढणीने पुसला, पुन्हा लावला. कानावरच्या केसांकडे पाहिलं. डोळ्यांच्या कडांकडे पाहिलं. अंगणात एवढी माणसं, पण राणीच्या रवंथाचा तेवढा आवाज येत होता.

"हे कुठे लावलं होतं?" तिने विचारलं. तीन आठवड्यांनी नवऱ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"धुळ्याला," नासीर म्हणाला. "चौकात. मी तुझ्या अब्बांना दिलेला शब्द मोडला."

"किती दिवस?"

"सिनेमा आठवडाभर चालला. तू चार आठवडे."

भाईदास काठीवर ओणवा झाला, त्याने एकदा माझ्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं आणि तो मटकन खाटेवर बसला. "हाई तर वहिनी शे," तो म्हणाला. "नासीर, मन्हा सिनेमा तुन्ही बायकोनी पाडा."

सबीहा हसली. आधी ओढणीआड, मग उघड. मग रडली, मग दोन्ही एकदम. एवढ्या जवळून मी तिला हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि मला कळलं की नासीरने दात मात्र बरोबर काढलेत. मग तिने माझ्या तोंडावर बोट ठेवलं.

"हनुवटी माझी नाही."

"ती नटीची आहे," नासीर म्हणाला. "तेवढीच उरली होती."

"बदला ती," सबीहा म्हणाली आणि दिपमालाकडे वळली. "बेटी, माफ कर. पत्रा कुठेही जाणार नाही. चहा घेऊन जा."

टेम्पो रिकामा गेला. मी पुन्हा छपरावर चढलो, पण उलटा. रंग खाली, पाठ आभाळाकडे. नासीरने पाठीला तांबडा रंग दिलाय, तरी गंज चढणारच, आणि चढू दे. आता मला खालचं सगळं दिसतं. दूध काढताना ती मधूनच वर बघते आणि ओढणी सारखी करते, जणू समोर आरसा आहे. हनुवटी बदलायला नासीर स्टुलावर उभा राहिला, तेव्हा ती खाली एका जागी पूर्ण दीड तास बसली. एकदाही हलली नाही. हिरोच्या कानातलं भोक अजून तसंच आहे. ते बुजवायचा विषय काढला तर ती म्हणते, "राहू द्या, राणीला सवय झालीय."

दिपमालाने पानावर शेवटचं एकच वाक्य टाकलं : "सापडली, पण सांगणार नाही." तुम्ही अजून शोधताय, मला ठाऊक आहे. रतिलाल मास्तरांचा पाचवा परिच्छेद येऊ घातलाय. तर बाबांनो, आता मोबाइल ठेवा आणि जेवून घ्या. नटी विहिरीत पडली नाही, साध्वीही झाली नाही. ती माझ्याखाली बसलीय, तुमचंच गाणं गुणगुणत दूध काढतेय. आणि परवाच तिच्या भुवईत एक पांढरा केस दिसलाय. नासीरला तो अजून दिसलेला नाही. ती वाट बघतेय, त्याला कधी दिसतो याची.