पदराआडची तानुबाई

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासुरवाशिणी माहेरी जातात. पण नवरा लोटन वारल्यापासून तानुबाईला कुणी माहेरी धाडलं नव्हतं. विधवेला कसला आलाय सण! म्हणून यंदा जेठ रुपचंदनं, तिच्या थोरल्या दिरानं, स्वतःहून निरोप दिला, "भाऊकडे जाई ये," तेव्हा तिला आनंदाऐवजी धास्तीच वाटली.

धरणगावच्या फाट्यावर शेजारची भिकुबाई भेटली. "आज तुनी विहीरना साहेब येनार शे, आन तू कोठे चालनी व?"

लोटनची दोन एकर तिच्या नावावर लागली होती आणि अल्पभूधारक विधवा म्हणून सरकारनं तिला विहिरीचं अनुदान मंजूर केलं होतं. पहिल्या हप्त्याला तिनं तेव्हाच्या साहेबांना पदराआडून एवढंच विचारलं होतं, "पैसा मन्हा हातमा भेटतीन का?" त्या दिवसापासून घरात तिच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. ती मागे फिरली.

पंचायतीच्या ओट्यावर दुसऱ्या हप्त्याचे कागद घेऊन साहेब बसले होते. ते नव्यानंच बदलून आलेले. समोर हनुवटीपर्यंत पदर ओढलेली एक बाई होती. रुपचंद सांगत होता, "ही तानुबाई, साहेब. माझ्या मयत भावाची बायको."

तानुबाईनं लुगडं ओळखलं. ती तिची जेठानी, थोरली जाऊ पुष्पाबाई होती. अनुदानाच्या लोभापायी या गृहस्थानं स्वतः धडधाकट असताना आपल्याच बायकोला विधवा करून बसवलं होतं! आणि दुसरी तानुबाई तयार झाल्यावर पहिलीचं घरात काय काम? या विचारासरशी ती ओट्यावर चढली.

"साहेब, तानुबाई मी शे!"

रुपचंद हसला. "वेडी आहे, साहेब. घरात कामाला ठेवलीय."

"कोण ओळखतं हिला?" साहेबांनी जमलेल्या पुरुषांना विचारलं. बायका ओट्याकडे फिरकतच नसत.

तानुबाईनं सगळ्यांदेखत पदर मागे टाकला. म्हातारे झुलालआबा मान खाली घालून म्हणाले, "दुसराना घरनी बाईनं तोंड आम्ही कधी पाहेल नही, साहेब."

ते खोटं नव्हतं. या गावात नांदायला आल्यापासून एकाही परपुरुषानं तिचा चेहरा पाहिला नव्हता. हीच ती आपली मर्यादा, जिचा आपण टेंभा मिरवतो! चालीवरून, आवाजावरून सगळे तिला ओळखत होते. पण रुपचंदशी वैर कोण घेणार?

तानुबाई जावेसमोर बसली. "अक्का, उद्या तुमनावर हाई येळ उनी तं तुमले कोन वळखी?"

पुष्पाबाईचा शाई लावलेला अंगठा कागदावर अधांतरी थांबला.

"अंगठा लाव," रुपचंद दबक्या आवाजात म्हणाला.

तिनं लावला नाही. नवऱ्याकडे न बघता तिनं पदर वर केला. "साहेब, तानुबाई हाई शे. मी पुष्पाबाई, ह्यासनी बाई."

साहेबांनी घाम पुसला, कागद आवरले. "चौकशी करावी लागेल," एवढं बोलून ते जीपमध्ये बसले.

धुरळा खाली बसला. मग रुपचंद उठला आणि अगदी शांतपणे दोघींना म्हणाला, "चाला घर."

चौकशी व्हायची तेव्हा होईल. त्या दोघींना मात्र त्याच घरात जावं लागलं. त्या आत गेल्या, मागोमाग रुपचंद गेला आणि आतून कडी लागली. ती ओट्यापर्यंत ऐकू आली. मग जो तो आपापल्या घरी जेवायला गेला.

वाचकहो, तुम्ही त्या ओट्यावर असता, तर कुठं गेला असता?